बेलच्या जुन्या वायरीवर थेट जोडू नका

जुन्या बटणाच्या दोन वायरी काढून तिथेच व्हिडिओ डोअरबेल जोडायचा तुमचा बेत वाचला. थांबा! आपल्याकडे बेलच्या बटणात बहुतेक घरांत थेट २३० व्होल्ट येतात. अमेरिकेत बेलसाठी व्होल्ट कमी करणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून तिकडच्या वायरवाल्या डोअरबेल साधारण १६ ते २४ व्होल्ट एसीवर चालतात. भावाने तिकडून आणलेली आमची डोअरबेल वायरमनने तशीच जोडली. फट् आवाज, धूर, खेळ खलास.

वायरवालीच हवी असेल तर खोक्यावरचे व्होल्ट आणि व्हीए (किती वीज लागते तो आकडा) बघून ट्रान्सफॉर्मर घ्या, मेन बंद करून वायरमनकडूनच बसवून घ्या. जुनी टिंगटाँग त्यावर वाजणार नाही. आत प्लगमध्ये लावायचा वायरलेस चाइम, म्हणजे घरात वाजणारी बिनवायरची घंटी, लागेल. फ्लॅट असेल तर मी सरळ बॅटरीवाली घेईन, भिंत फोडायला नको.

आणि भोक पाडण्याआधी सेफ्टी डोअर लावून, बाहेर उभं राहून मोबाइलवर वायफाय तपासा. बऱ्याच डोअरबेल वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँड पकडतात. समोरच्यांचं दार कॅमेऱ्यात येत असेल तर अ‍ॅपमध्ये तेवढा भाग झाका, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगला विषय मिळालाच.