हराम-हलालपेक्षा अविश्वास जास्त

मुसलमान धर्मामुळेच लस घेत नाहीत असं काही जण म्हणतात, ते आमच्या हर्णै-दापोली पट्ट्यात तरी पटत नाही बुवा. इथे घरटी कुणी ना कुणी आखातात, आणि हजला जायचं तर मेनिंजायटीसची लस टोचून घ्यावीच लागते, तेव्हा कोण काढत बसतं हराम-हलाल! काही लसींत डुकराचं जिलेटिन असतं हा मुद्दा खरा आहे, नाही असं नाही, पण इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने, म्हणजे धर्मपंडितांच्या मंडळाने, २०१८ मध्ये गोवर-रुबेलाच्या लसीबद्दल सांगितलं की घटक हराम, तरी दुसरा पर्याय नाही तोवर गरज म्हणून चालेल. आता लोकांनी त्यातला पहिला अर्धाच भाग ऐकला त्याला काय करणार.

खरी गोची अविश्वासाची. लादेनला शोधायला अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने २०११ मध्ये पाकिस्तानात अबोटाबादला हिपॅटायटीस बीच्या लसीकरणाचं नाटक केलं, मग तिथे पोलिओवाल्यांवर संशय येणार नाही तर काय. 'पोलिओच्या डोसने पुढे मुलं होत नाहीत' ही यूपीतली जुनी अफवा फॉरवर्ड होत होत आमच्या मोहल्ल्यातही पोचली. शेजारच्या चाचीने शाळेत गोवरची लस आहे कळल्यावर नातवाला घरीच ठेवला, आशाताई ओटीवर ताटकळलेली आणि चाची आपली सुपात तांदूळ पाखडत, "पोराचा दुबईवरून फोन येऊ दे, मग बघू." फोनपेक्षा मशिदीच्या भोंग्यावरचं सांगणं कामी आलं. यूपीतही इमाम लोक आणि अलीगढ, जामिया या विद्यापीठांतले लोक सोबत उतरल्यावरच दारं उघडायला लागली, आणि जानेवारी २०११ नंतर देशात वाइल्ड पोलिओची (म्हणजे नैसर्गिक विषाणूमुळे होणाऱ्या पोलिओची) केस नाही.

बाकी ताप येतो म्हणून लस टाळणारे आमच्या खालच्या वाडीतही आहेत, ते कुठल्या धर्मात बसवायचे?