बाराच जन्म म्हणाला होतात ना?

सुरसागर_संथ (धागाकर्ता)

शनिवारी दांडिया बाजारात मित्राकडे 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेचा २०१३ चा नाताळचा भाग पुन्हा पाहिला आणि सेव-उसळ निवून गोळा होईपर्यंत भांडलो. तिथे मी एकटा पडलो, म्हणून भांडण इथे आणतोय.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: डॉक्टर हा परग्रहावरचा कालप्रवासी. मरायला टेकला की त्याचा देह बदलतो, म्हणजे नट बदलतो. ही युक्ती १९६६ ची. पहिले नट विल्यम हार्टनेल यांना तब्येतीमुळे काम झेपेना, तेव्हा काढलेली. पुढे १९७६ मध्ये 'द डेडली असॅसिन'मध्ये नियम आला की असं बाराच वेळा होतं. तेरावा देह गेला की खेळ खलास. २०१३ ला तो हिशेब भरला. मॅट स्मिथचा डॉक्टर शेवटचा देह घेऊन एका गावाच्या राखणीला शेकडो वर्षं राहतो. हातात काठी, तोंडभर सुरकुत्या, मुलांची मोडकी खेळणी दुरुस्त करत बसलेला. पळून जाता येत असूनही जात नाही. शेवटी नवे जन्म मिळतात, पण त्याची सोबतीण क्लारा भिंतीतल्या फटीपाशी गयावया करते तेव्हा कुठे. मला ते चालतं. आधी किंमत मोजलीय.

मग २०२० ला 'द टाइमलेस चिल्ड्रन' म्हणतं, डॉक्टरला हार्टनेलच्या आधीही कितीतरी जन्म होते आणि बाराची मर्यादा मुळातली नव्हेच, नंतर बसवलेली. मग तो म्हातारा तिथे कशासाठी झिजला?

तारखा चुकवा, नावं चुकवा. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेत १९६६ ला नायक कर्कच्या थडग्यावर 'जेम्स आर.' कोरलंय आणि पुढे तो जन्मभर 'जेम्स टी.' आहे, माझी काही तक्रार नाही. पण ज्या नियमापायी कुणी जीव पणाला लावला, तो मागाहून खोडायचा नाही. माझ्या लेखी कॅनन, म्हणजे कथेत अधिकृत खरं धरायचं ते, एवढंच.

जुनाट_अँटेना

अरे, ज्या १९७६ ची तू पूजा मांडलीस, त्याच वर्षी काही महिने आधी 'द ब्रेन ऑफ मॉर्बियस' आलंय. त्यात मनाच्या झुंजीत हार्टनेलच्याही मागचे आठ चेहरे पडद्यावर येतात. ते कोण? मालिकेच्या चमूतलीच माणसं, जुने पोशाख चढवून फोटोला बसलेली. त्यांत पटकथा-संपादक रॉबर्ट होम्सही आहेत. आणि बाराचा नियम लिहिला कुणी? त्याच होम्स यांनी. स्वतःचं तोंड डॉक्टरचा जुना अवतार म्हणून दाखवून झाल्यावर वर्ष संपायच्या आत नियम लिहायला बसले. २०२० वाल्यांनी तेच चेहरे पुन्हा दाखवले. म्हणजे त्यांनी काही खोडलं नाही, दोन धाग्यांतला तुला न आवडणारा उचलला.

आणि सुसंगती राखायची कुणासाठी? बीबीसीने साठच्या दशकातल्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. नव्वदाहून जास्त भाग आजही चित्ररूपात सापडलेले नाहीत. आवाज उरलाय तो लोकांनी घरी टीव्हीपुढे रेकॉर्डर धरला म्हणून. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. वाड्यात एकच टीव्ही, तोही समोरच्या काकांचा. लाईट गेली की भाग गेला. मागच्या रविवारी स्पॉक काय म्हणाला ते तपासणार कुठे? हे कॅननचं खूळ व्हिडिओ कॅसेटच्या पोटी जन्मलंय.

लीलो_चिवडा

आईच्या मालिकेत सून बदलते. खाली एक ओळ सरकते, 'आजपासून ही भूमिका अमुक करतील'. आई दोन दिवस कुरकुरते, तिसऱ्या दिवशी नव्या सुनेला शिव्या द्यायला मोकळी. तुम्हीच इतकं का लावून घेता?

सुरसागर_संथ

चेहरा बदलण्याबद्दल मी बोलतच नाहीये. मेलेली सासू परत आली तर?

लीलो_चिवडा

तीनदा आलीये.

पाठभेद

बडोद्यात बसून हे भांडण करताय आणि प्राच्यविद्या मंदिराची आठवण कुणालाच नाही? वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती याच गावात झाली. बालकांड १९६० ला आलं, उत्तरकांड १९७५ ला. देशभरची हस्तलिखितं ताडून एकेका श्लोकाचा निवाडा केला. पण जे प्रक्षिप्त ठरलं ते फेकलं का? नाही, तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवलं. लक्ष्मणरेषा वाल्मीकींत नाही. म्हणून ती आपल्या बोलण्यातून गेली का?

तुमच्या मालिकांनाही तेच लावा. 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहावरच्या क्लिंगॉन लोकांचं कपाळ बघा. १९६७ ला सपाट, कारण रंगरंगोटीला पैसे नव्हते. १९७९ च्या चित्रपटात त्यावर हाडांच्या वळकट्या आल्या. १९९६ ला 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेतली माणसं भूतकाळात जाऊन सपाट कपाळं बघतात, चकित होऊन वळकट्यांच्या कपाळाच्या क्लिंगॉन वॉर्फकडे वळतात, आणि तो म्हणतो की आम्ही याविषयी परक्यांशी बोलत नाही. पाठभेद कबूल, वर हसूही. इथे थांबायला हवं होतं. पण २००५ ला 'एंटरप्राइझ' या आणखी एका 'स्टार ट्रेक' मालिकेने दोन भाग खर्चून विषाणू, जनुकं वगैरे खुलासा दिला. जिथे कवी गप्प राहिला तिथे टीकाकाराला खाज सुटते, तसलं.

फळा_आणि_खडू

२००५ चे ते भाग मला आवडतात. फाटलेलं इतकं बेमालूम रफू करायला अक्कल लागते. १९९६ ला दोन पात्रांनी नुसते अंदाज केले होते, जनुकांत फेरफार की विषाणू? नऊ वर्षांनी दोन्ही खरे ठरवले. बाकी 'डॉक्टर हू'त रफू करायलाही कापड उरलेलं नाही. १९७५ ला डॉक्टरची सोबतीण सारा जेन म्हणते मी १९८० ची. १९८३ ला कळतं की तिच्या काळात फौजेचा प्रमुख असलेला ब्रिगेडियर १९७७ मध्येच निवृत्त होऊन शाळेत गणित शिकवतोय. मीही गणितच शिकवते. अशी वजाबाकी आली तर वही परत फेकेन.

सुरसागर_संथ

@पाठभेद, उपमा झकास, पण पाय लंगडा आहे. संपादक बसतो तो कवी जाऊन शतकं उलटल्यावर. इथे दर पाच-सात वर्षांनी नवा वाल्मीकी नेमतात आणि तो आधीच्याच्या पोथीवर थेट शाईने लिहितो. तळटीप नाही, परिशिष्ट नाही.

@जुनाट_अँटेना, मॉर्बियसचा मुद्दा बिनतोड आहे. होम्स यांचं ठाऊक नव्हतं. पण ते आठ चेहरे काही सेकंदांचे, त्यांच्यासाठी कुणी झुरलं नाही. वजन बाराच्या नियमावर पडलं.

जुनाट_अँटेना

वजन कुणावर पडलं? त्या म्हाताऱ्यावर. आणि त्याला ठाऊक होतं का, आपले आधीचे जन्म होते म्हणून? नव्हतं. हा आपला शेवटचा देह आहे असंच तो समजत होता आणि तरी गाव सोडलं नाही. २०२० ने त्यातलं काय नेलं? खोटी नोट खरी समजून कुणी दान केली तर दानत खोटी ठरत नाही.

सुरसागर_संथ

हे शनिवारी कुणीच बोललं नाही.

मान्य, त्याच्या बाजूने काही गेलं नाही. माझ्या बाजूने गेलं. परवा त्याला काठी टेकत मनोऱ्याकडे जाताना बघत होतो आणि डोक्यात सारखं, तुला अजून आहेत रे बाबा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घशात आवंढा आला होता. परवा नाही आला.

लीलो_चिवडा

परवा आवंढा यायला जागा नव्हती, तोंडात पाव होता. पुढच्या शनिवारी मॉर्बियस लावू. उसळ तुझ्याकडून, आणि तिखट तर्री वेगळ्या पिशवीत आण, मागच्या वेळी सगळी सोफ्यावर सांडली.