'अनसीडेड' जमीन, मराठीत काय म्हणायचं?

कॅनडात, ऑटव्यात राहते. इथे कुठलाही कार्यक्रम सुरू करताना दोन ओळी म्हणतात, की आपण इथल्या मूळच्या अल्गॉन्क्विन अनिशिनाबे लोकांच्या 'अनसीडेड' जमिनीवर जमलोय. इंग्रजीत म्हटलं की कुणाचं लक्षच नसतं. यंदा गणपतीत मला ते मराठीतून म्हणायचंय आणि नेमका हाच शब्द अडलाय. 'बळकावलेली' चालेल का?

— बळकावलेली आहेच ती, पण त्यात घेणारा दिसतो. अनसीडेड म्हणजे ज्यांची होती त्यांनी दिलीच नाही. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, 'तोडून देणे'. १८०२ च्या वसईच्या तहात पेशव्याने इंग्रजांना मुलूख तोडून दिला, तसं. अल्गॉन्क्विनांनी असा तहच कधी केला नाही. १७६३ च्या इंग्लंडच्या राजाच्या जाहीरनाम्यात स्पष्ट होतं की मूळच्या लोकांची जमीन घ्यायची तर रीतसर, त्यांच्या संमतीने आणि सरकारनेच, तरी ऑटवा नदीकाठचं पाइनचं जंगल लाकूडवाल्यांनी उतरवलं, मागोमाग वस्त्या आल्या आणि हे लोक १७७२ पासून अर्जावर अर्ज करत राहिले. म्हणून 'तोडून न दिलेला मुलूख'.

— मुलूख म्हटलं की राजा आला, सैन्य आलं. इथे एकेका कुटुंबाची शिकारीची, मासेमारीची पिढ्यानपिढ्यांची वहिवाट होती. मला 'हक्कसोड' जवळचा वाटतो. गावाकडे बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात ना, ती सही झालीच नसेल तर भाऊ कितीही वर्षं कसू दे, तिचा हिस्सा उभाच. म्हणून 'हक्क न सोडलेली जमीन'. शिवाय हक्क म्हटलं की गोष्ट आजची होते. ऑन्टारियोच्या बाजूचा दावा साधारण ३६,००० चौरस किलोमीटरचा आहे, संसदेच्या पार्लमेंट हिलसकट, त्याचा प्राथमिक करार २०१६ मध्ये झाला आणि अंतिम तहाचं घोडं अजून अडलेलंच. चॉक रिव्हर या गावी ऑटवा नदीपासून जेमतेम किलोमीटरभरावर अणुकचऱ्याचा साठा करायला परवानगी दिली, त्यावर केबाओवेक या अल्गॉन्क्विन वस्तीचे लोक कोर्टात गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की यांच्याशी नीट सल्लामसलत झालेलीच नाही. हक्क सोडला असता तर विचारलं तरी असतं का कुणी?

आणि एक, अल्गॉन्कियन हे सगळ्या भाषाकुळाचं नाव, अल्गॉन्क्विन हे त्यातले एक लोक. गल्लत करू नका प्लीज. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणतात, ऑटवा नदीला किची सिबी, मोठी नदी. जमलं तर नदीचं हे नावही घ्या.

— घेणार, नक्की. 'किची सिबीच्या काठी, अल्गॉन्क्विन अनिशिनाबे लोकांनी हक्क न सोडलेल्या जमिनीवर आपण जमलो आहोत.' आत्ताच आईला फोनवर वाचून दाखवलं. ती लगेच म्हणाली, "म्हणजे सही केलीच नाही त्यांनी? मग तुमच्या घराचे कागद कुणी दिले?"