शांतता मोहिमेत राजकीय विभागाचे प्रमुखपद : कामाची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : दूरस्थ

मी गेली नऊ वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमांमध्ये राजकीय अधिकारी म्हणून काम करीत आहे. पुढील महिन्यापासून आफ्रिकेतील एका मोहिमेत राजकीय विभागाची जबाबदारी माझ्याकडे येणार आहे. राजधानीत अकरा आणि प्रादेशिक कार्यालयांत सहा सहकारी असतील. आजवर लोकांना भेटणे, त्यांचे म्हणणे टिपून ठेवणे आणि त्यावरून अहवालाचा मसुदा तयार करणे एवढेच माझे काम होते. आता इतरांच्या मसुद्यावर अखेरची सही माझी असेल, आणि मोहिमेचे प्रमुख असलेल्या विशेष प्रतिनिधींनी कोणाला कधी भेटावे हा सल्लाही मलाच द्यावा लागेल.

एक अनुभव सांगते, कारण माझा प्रश्न त्यातूनच निर्माण झाला आहे. यापूर्वीच्या एका मोहिमेत मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी होते. तेथील प्रशासकाची बदली झाली तर नदीच्या दोन्ही काठांवरील समाजांमध्ये रक्तपात होईल, असे मी स्पष्ट शब्दांत कळवले होते. राजधानीतून पुढे गेलेल्या अहवालात त्याचे रूप ‘परिस्थितीवर लक्ष ठेवणे आवश्यक आहे’ असे झाले होते. तीन आठवड्यांनी बदली झाली आणि गावे जळाली. ते वाक्य कोणी बदलले याचा शोध मी घेतला नाही, परंतु आता ते बदलू शकणाऱ्या खुर्चीवर मी स्वतः बसणार आहे, आणि याची मला मनापासून काळजी वाटते.

म्हणून विचारते : थोड्या माणसांत राजकीय काम कसे उभे करावे? खालून आलेली कडू बातमी वर जाईपर्यंत कडूच राहील, अशी व्यवस्था कशी करावी? आणि शस्त्रधारी गटांच्या नेत्यांना भेटताना मोहिमेच्या निःपक्षपातीपणाला बाधा येऊ नये म्हणून काय पाळावे?

उत्तर : विंडहूकचा अभ्यासक

आपल्या पहिल्या दोन प्रश्नांसाठी १९८९ सालचा नामिबिया बारकाईने अभ्यासावा, असे मी आग्रहाने सुचवीन. त्या मोहिमेच्या यशाचे श्रेय बहुतेक लेखनात निवडणुकीला दिले जाते. माझ्या मते ते श्रेय आधी जिल्ह्याजिल्ह्यांतील राजकीय कार्यालयांना द्यायला हवे.

दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातील नामिबियाला निवडणुकीद्वारे स्वतंत्र करण्याविषयीचा सुरक्षा परिषदेचा ४३५ क्रमांकाचा ठराव १९७८ मध्ये झाला, पण मोहीम प्रत्यक्षात १ एप्रिल १९८९ रोजी सुरू झाली. विशेष प्रतिनिधी होते फिनलंडचे मार्ती आहतिसारी, आणि शांतिसेनेचे प्रमुख होते आपले लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेम चंद. बड्या राष्ट्रांनी खर्चावरून घासाघीस केल्यामुळे ७,५०० सैनिकांची योजना ४,६५० वर आली होती, आणि पहिल्या दिवशी त्यांतील बहुतेक जण देशात पोचलेलेही नव्हते. नेमक्या त्याच दिवशी स्वापो या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेचे सशस्त्र लोक अंगोलातून उत्तर सीमा ओलांडून आले. दक्षिण आफ्रिकेच्या काही तुकड्यांना तळांबाहेर पडण्यास तात्पुरती संमती द्यावी लागली, आणि थोड्याच दिवसांत स्वापोचे तीनशेहून अधिक लोक मारले गेले. नामिबियातील माउंट एट्जो येथे संबंधित पक्षांच्या झालेल्या बैठकीत वाट निघाली नसती, तर मोहीम पहिल्याच महिन्यात गुंडाळावी लागली असती. ज्या मोहिमेला स्वतःचे डोळे आणि कान नसतात तिला इतरांच्या माहितीवर निर्णय घ्यावे लागतात, ही गोष्ट त्या आठवड्याइतकी क्वचितच कोठे उघड झाली असेल.

यानंतर जे उभे राहिले ते आपल्या उपयोगाचे आहे. देशभर ४२ राजकीय कार्यालये उघडण्यात आली, आणि ती विशेष प्रतिनिधींच्या कचेरीला जोडलेली होती. त्या कार्यालयांतील माणसे गावातच राहत. चर्चचे धर्मोपदेशक, शेतमालक, शिक्षक, पक्षांचे स्थानिक कार्यकर्ते आणि दक्षिण आफ्रिकी प्रशासनाचे अधिकारी या सर्वांशी त्यांचा नित्य संबंध असे. आपले मत खरोखरच गुप्त राहील, हे लोकांना त्यांच्या भाषेत पुन्हापुन्हा सांगणे हा त्यांच्या कामाचा फार मोठा भाग होता. ज्या देशातील माणसाने कधीच मुक्तपणे मत दिले नव्हते, तेथे हे सांगणे हेच मूलभूत राजकीय कार्य होते.

वर जाणाऱ्या बातमीचे वजन कसे वाढते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कूफूट. हे दक्षिण आफ्रिकेने उभारलेले घुसखोरीविरोधी पोलीस दल विसर्जित झाल्याचे कागदावर दाखवून त्यातील माणसे नियमित पोलिसांत सामावून घेण्यात आली होती, आणि मशीनगन लावलेल्या चिलखती गाड्यांतून ती उत्तरेकडील गावांत फिरत होती. ‘दहशत आहे’ असे मोघम विधान दक्षिण आफ्रिकेचे तेथील प्रशासक लुई पीनार यांना सहज फेटाळता आले असते. परंतु कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, कोणाला धमकावले गेले याच्या नोंदी साठत गेल्यावर ते अवघड झाले. सुरक्षा परिषदेने या प्रश्नात लक्ष घातले आणि निवडणुकीपूर्वी त्या माणसांना दलातून दूर करावे लागले. यावरून माझा पहिला सल्ला असा : आपल्या जिल्हा अधिकाऱ्यांकडून विशेषणे मागू नका, ठिकाण, तारीख आणि ऐकीव की प्रत्यक्ष याचा उल्लेख मागा. विशेषण मसुद्यातून काढून टाकणे सोपे असते, तारीख काढताना मात्र संपादकाला विचार करावा लागतो.

दुसरी गोष्ट अधिकाराची. निवडणूक दक्षिण आफ्रिकेचे प्रशासन घेणार होते, पण प्रत्येक टप्प्याच्या निष्पक्षतेविषयी विशेष प्रतिनिधींचे समाधान झाले पाहिजे, अशी अट मूळ योजनेतच होती. आहतिसारींनी या एका अटीचा चिकाटीने उपयोग केला. निवडणूक कायद्याच्या मसुद्यात मतांची गुप्तता आणि मतमोजणीची पद्धत यांविषयी त्रुटी होत्या. त्यावर अनेक आठवडे वाटाघाटी होऊन कायदा ऑक्टोबरमध्ये, म्हणजे मतदानाच्या काही आठवडे आधी, निघाला. आपल्या मोहिमेच्या ठरावात असे एखादे वाक्य कोठे आहे ते शोधून काढा. प्रत्येक ठरावात ते नसते, पण असेल तर आपल्या विभागाची खरी ताकद तेच वाक्य आहे.

१२ सप्टेंबर १९८९ रोजी पक्षांनी आचारसंहितेवर सह्या केल्या, आणि त्याच रात्री विंडहूकमध्ये स्वापोचे नेते अँटन लुबोव्स्की यांची हत्या झाली. तरीही मोहीम मोडली नाही. आचारसंहितेमुळे पक्षांना विशेष प्रतिनिधींसमोर नियमितपणे एकत्र बसावे लागत होते, आणि बोलण्याची ती जागा आधीच तयार होती. ७ ते ११ नोव्हेंबर या पाच दिवसांत ९७ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. ७२ जागांपैकी ४१ स्वापोला मिळाल्या, म्हणजे दोन तृतीयांशाहून कमी. त्यामुळे राज्यघटनेसाठी इतरांची संमती घेणे आवश्यक ठरले, आणि २१ मार्च १९९० रोजी देश स्वतंत्र झाला.

उत्तर : निवृत्त कर्नल, देहू रोड

ताई, मी दक्षिण सुदानमध्ये स्टाफ अधिकारी होतो, म्हणून लष्करी बाजूने काय दिसते ते सांगतो.

राजकीय विभागाचे टिपण आमच्याकडे येई तेव्हा आम्हाला त्यात एकच गोष्ट हवी असे : कोणत्या रस्त्यावर, किती दिवसांत, कोणाकडून धोका. तेथे सरकारी निर्णय आणि गावातील हिंसा यांत किती कमी अंतर असते, ते एका प्रसंगावरून लक्षात येईल. सरकार आणि बंडखोर यांच्यातील सप्टेंबर २०१८ च्या शांतता करारानुसार २२ फेब्रुवारी २०२० रोजी राजधानी जुबामध्ये संक्रमणकालीन सरकार स्थापन झाले, परंतु राज्यांचे राज्यपाल कोणत्या पक्षाचे असावेत यावर एकमत होईना. जुन्या राज्यपालांचा अधिकार संपला होता आणि नवे नेमलेले नव्हते. त्याच काळात जोंगलेई राज्यात मुर्ले, लोऊ नुएर आणि डिंका समाजांतील सशस्त्र तरुणांनी गुरे पळवणे, गावे जाळणे आणि बायका-मुलांना उचलून नेणे असा कहर केला. गुरांचे जुने वैर त्यामागे होतेच, पण त्यांना थांबवू शकेल असा कोणी अधिकारीच राज्यात नव्हता, हे राजकीय कारण होते. त्या वेळी विशेष प्रतिनिधी असलेले डेव्हिड शियरर यांनी ही पोकळी जाहीरपणे बोलून दाखवली होती. शांतिसेनेचे प्रमुख तेव्हा लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर होते. एक मराठी अधिकारी त्या पदावर असल्याचा मला अभिमान वाटे.

तात्पुरते तळ कोठे टाकायचे हे नकाशावरून ठरत नाही. राजधानीतील रिकाम्या खुर्चीमुळे कोणत्या पायवाटेवर गुरे पळवली जातील, हे जोडून दाखवणारा माणूस राजकीय विभागातच असायला हवा. आठवड्यातून एकदा फोर्स कमांडरच्या सकाळच्या बैठकीनंतर त्यांच्याशी पंधरा मिनिटे एकट्याने बोलण्याची वेळ मागून घ्या.

आणखी एक. मार्च २०१४ मध्ये घानाच्या पलटणीचे सामान रस्त्याने बेंतिऊकडे जात असताना रुंबेकजवळ काही कंटेनरांत शस्त्रे आणि दारूगोळा सापडला. त्यांवर भलत्याच मालाची चिठ्ठी होती. मोहिमेने चूक मान्य केली, पण सरकार आधीच संतापलेले होते. डिसेंबर २०१३ मध्ये लढाई पेटल्यावर मोहिमेने आपले दरवाजे उघडून हजारो नागरिकांना आश्रय दिला, याचा राग सत्ताधाऱ्यांच्या मनात होता. मोहीम बंडखोरांना शस्त्रे पुरवते, असा आरोप झाला आणि रस्त्यावर मोर्चे निघाले. वस्तुतः ही मालवाहतुकीतील चूक होती, परंतु तिची किंमत राजकीय होती. म्हणून वाहतूक आणि पुरवठा विभागाच्या बैठकीलाही आपला एक माणूस बसवा. ते काम कंटाळवाणे वाटेल, तरी बसवा.

उत्तर : काठमांडूचा जुना बातमीदार

शस्त्रधारी नेत्यांच्या भेटींविषयी नेपाळच्या मोहिमेतून पुष्कळ शिकता येईल, आणि त्यात यशाइतकेच अपयशही आहे. मी २००७ ते २०१० या काळात तेथे बातमीदार होतो.

जानेवारी २००७ मध्ये १७४० क्रमांकाच्या ठरावाने, माओवादी बंडखोर आणि सरकार यांच्यातील युद्ध संपल्यानंतर, ती मोहीम सुरू झाली. प्रमुख होते इयन मार्टिन. सैनिक नव्हते, फक्त निःशस्त्र निरीक्षक होते. माओवाद्यांचे लढवय्ये सात मुख्य आणि एकवीस उपछावण्यांत राहत, शस्त्रे कंटेनरांत कुलूपबंद असत, आणि कुलपाची किल्ली त्यांच्याच सेनापतींकडे असे. पडताळणीत १९,६०२ जण पात्र ठरले. पुढे मे २००९ मध्ये माओवाद्यांचे नेते प्रचंड यांची एक चित्रफीत बाहेर आली. आपल्याकडे सात-आठ हजारच लढवय्ये होते, पण पस्तीस हजारांचा आकडा सांगितल्यामुळे जवळजवळ वीस हजार पात्र ठरले, असे ते आपल्या माणसांना सांगत होते. मोहिमेला जबर टीका सहन करावी लागली. पडताळणीची पद्धत दोन्ही पक्षांनी मान्य केलेली होती आणि वयाच्या व भरतीच्या तारखेच्या निकषांपलीकडे जाण्याचा अधिकार मोहिमेला नव्हता, हे सांगूनही लोकांच्या मनातील संशय गेला नाही.

यातून माझ्या मनात जे पक्के बसले ते असे. शस्त्रधारी नेत्याला भेटण्यात काहीच गैर नाही, किंबहुना भेटलेच पाहिजे. परंतु आपल्या अधिकाराची मर्यादा त्याला, सरकारला आणि वृत्तपत्रांना पहिल्याच दिवशी, एकाच शब्दांत सांगितली पाहिजे. नेपाळमध्ये ही मर्यादा ठरावात होती, पण बाजारात आणि चहाच्या दुकानात नव्हती. लोकांना वाटे की संयुक्त राष्ट्रे आली, आता ती सर्व तपासतील. आपण एका बाजूला भेटलात तर त्याच आठवड्यात दुसऱ्या बाजूलाही भेटा. दोन्ही भेटींना सोबत एक सहकारी असू द्या आणि नोंद त्याच रात्री लिहून ठेवा. भारतासारख्या शेजाऱ्याची नाराजीही आपल्या हिशेबात असली पाहिजे. नेपाळमधील मोहिमेविषयी दिल्लीला प्रथमपासून अस्वस्थता होती, आणि १५ जानेवारी २०११ रोजी छावण्यांचा प्रश्न सुटण्यापूर्वीच मोहीम संपली.

प्रतिसाद : दूरस्थ

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. तारीख आणि ठिकाण यांविषयीची सूचना मी पहिल्याच दिवसापासून अमलात आणणार आहे, आणि कर्नलसाहेबांनी सांगितलेली पंधरा मिनिटेही मागून घेईन. एक शंका राहते. खरी माहिती लिहिल्यामुळे यजमान सरकार किंवा एखादे बडे राष्ट्र आपल्यावरच उलटले, तर विभागप्रमुखाने किती ताणावे?

उत्तर : विंडहूकचा अभ्यासक

राजेश्वर दयाळ यांच्या कारकिर्दीकडे पाहा. हे भारतीय सनदी अधिकारी सप्टेंबर १९६० मध्ये काँगोत सरचिटणीस दाग हमरशोल्ड यांचे विशेष प्रतिनिधी म्हणून गेले. ते पोचण्याच्या काही दिवस आधी प्रभारी अधिकाऱ्याने राजधानी लिओपोल्डव्हिलचे विमानतळ आणि रेडिओ केंद्र बंद केले होते. उद्देश शांतता राखण्याचा होता, पण प्रत्यक्षात त्याचा तोटा पंतप्रधान लुमुंबांना झाला, कारण त्यांच्याशी सत्तासंघर्ष चाललेले राष्ट्राध्यक्ष कासावुबू यांना नदीपलीकडील ब्राझाव्हिलचे रेडिओ केंद्र वापरता येत होते. ‘सर्वांना सारखा’ लावलेला नियम सर्वांवर सारखा पडतोच असे नाही, आणि हे आधी ओळखणे आपल्याच विभागाचे काम आहे.

२ नोव्हेंबरच्या आपल्या दुसऱ्या अहवालात दयाळ यांनी लिहिले की काँगोवर पूर्वी राज्य करणाऱ्या बेल्जियमचे अधिकारी मोठ्या संख्येने परतत आहेत आणि लष्करप्रमुख मोबुटूंचे सैन्य हेच अराजकाचे एक मुख्य कारण आहे. अमेरिकेने त्यावर उघड नापसंती व्यक्त केली, आणि कासावुबूंनी दयाळ यांना परत बोलावण्याची मागणी केली. लुमुंबा २७ नोव्हेंबरच्या रात्री शांतिसेनेचा पहारा असलेले आपले निवासस्थान सोडून निघाले, पकडले गेले आणि १७ जानेवारी १९६१ रोजी मारले गेले. मे महिन्यात दयाळ पदावरून दूर झाले.

किती ताणावे याचे मोजमाप मी देऊ शकत नाही. दयाळ यांनी त्या अहवालातील निष्कर्ष मागे घेतले नाहीत, एवढे मात्र सांगतो. आपण पुढे पाठवलेल्या प्रत्येक मसुद्याची, खालून आलेल्या मूळ शब्दांसह, एक प्रत विभागाच्या दप्तरात ठेवा, आणि वाक्य बदलावे लागलेच तर बदलणाऱ्याने समासात कारण लिहून सही करावी, असा नियम करा. नदीकाठच्या त्या जिल्ह्याविषयीचे आपले वाक्य अशा नियमाखाली कोणी सहजासहजी बदलले नसते.