विज्ञानकथांची मुखपृष्ठं: कोणाची चित्रं पाहावीत? नागपुरात काय पाहावं? (सल्ला हवा)

गेरू_शाई

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. चित्रं काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम. मुलांची पुस्तकं, दिवाळी अंकांतली कथाचित्रं हे वर्षभर चालूच असतं. पण जीव जडलाय तो विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांवर, आणि तोही शाळेपासून. बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात इंग्रजी पेपरबॅक मिळायची. आतली कथा वाचायची ती नंतर, आधी नुसतं मुखपृष्ठ बघत बसायची. केशरी आकाश, त्यात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं अजस्र यान, कुठेतरी खाली ठिपक्याएवढा माणूस. बऱ्याच पुस्तकांत चित्रकाराचं नावही छापलेलं नसायचं. ती पट्ट्यांची यानं ख्रिस फॉस या ब्रिटिश चित्रकाराच्या एअरब्रशमधून (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) आली आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

आता एका मराठी विज्ञानकथासंग्रहाचं मुखपृष्ठ माझ्याकडे आलंय. कथा विदर्भातच घडतात. पाणी, कापूस, खाणी, आणि पन्नास-शंभर वर्षांनंतरची माणसं. हाताने रंगवायचं हे पक्कं आहे, ग्वाश (अपारदर्शक जलरंग) किंवा ॲक्रिलिक. मला हवंय ते असं: फॉसच्या पलीकडे कोणाची चित्रं नीट अभ्यासावीत? ती चांगल्या रूपात कुठे पाहायला मिळतील? आणि नागपूर-विदर्भात असं काय आहे, जे समोर बसून रेखाटलं तर या कामाला उपयोगी पडेल? यानं आणि रोबो काढता येतात मला. अडतं ते अवाढव्यपणाशी. मोठी वस्तू कागदावर खरंच मोठी वाटली पाहिजे.

धूमकेतू

सुरुवात चेस्ली बोनस्टेलपासून करा. जन्म १८८८, शिक्षण वास्तुकलेचं, मग हॉलिवूडमध्ये पडद्यामागची निसर्गचित्रं, आणि त्यानंतर अवकाश. १९४४ साली 'लाइफ' मासिकात त्यांची शनीची चित्रमालिका आली. शनीच्या वेगवेगळ्या उपग्रहांवर उभं राहिलं तर शनी कसा दिसेल, असा विषय. त्यातलं टायटनवरून दिसणारा शनी हे चित्र आजही अवकाशचित्रांत सर्वांत जास्त ओळखलं जातं. ग्रह केवढा दिसेल, उजेड कुठून येईल, हे सगळं ते आधी गणिताने काढायचे आणि मग रंगवायचे. म्हणून ते पाहताना कुणीतरी तिथे जाऊन आल्यासारखं वाटतं.

त्यातलं विज्ञान पुढे बदललं, हेही माहीत असू द्या. २००५ च्या जानेवारीत हायगेन्स यान टायटनवर उतरलं तेव्हा दाट नारिंगी धुकं दिसलं. त्यातून शनी साध्या डोळ्यांना दिसणं कठीणच. चंद्रावरचे डोंगर बोनस्टेलनी टोकदार रंगवले, अपोलोच्या छायाचित्रांत ते गोलसर निघाले. तरीही चित्र उभं राहतं, कारण त्यातला उजेड पक्का आहे.

दुसरे फ्रँक आर. पॉल. एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' या विज्ञानकथा मासिकाचा पहिला अंक निघाला, त्याचं मुखपृष्ठ त्यांचं. आकाशात कडी असलेला भला मोठा शनी आणि खाली बर्फावर स्केटिंग करणारी माणसं. यांचंही शिक्षण वास्तुरचनेच्या रेखांकनाचं. माणसं जरा ताठर काढायचे, पण शहरं आणि यंत्रं अशी रंगवायचे की त्यांच्या मजल्यांवरून चालून यावंसं वाटावं. तुमच्या अवाढव्यपणाच्या प्रश्नाला मला तरी यात उत्तर दिसतं. दोघांनाही इमारत कशी उभी राहते हे ठाऊक होतं.

जुनाबाजार

धूमकेतू, बोनस्टेल हवेतच. पण ताईंचं काम कथासंग्रहाचं आहे, खगोलशास्त्राच्या पुस्तकाचं नाही. म्हणून रिचर्ड पॉवर्स बघाच. १९५० च्या दशकात बॅलंटाइन प्रकाशनाच्या पेपरबॅकवर त्यांनी रॉकेट आणि राक्षस बाजूला सारले आणि अतिवास्तववादी आकार आणले. अर्धवट वितळलेले, अर्धवट हाडांसारखे, क्षितिजावर तरंगणारे. कुठली घटना दाखवलीय हे सांगता येत नाही, पण कथेतली अस्वस्थता पुस्तक उघडायच्या आधीच हातात येते. संग्रहात दहा-बारा वेगळ्या कथा असताना एकाच कथेचा प्रसंग मुखपृष्ठावर टाकला की बाकीच्या पोरक्या होतात. पॉवर्सच्या वाटेने गेलं तर सगळ्यांना छत्र मिळतं.

पेंग्विननेही १९६० च्या दशकात हेच केलं होतं. जर्मानो फॅचेटी तिथे कलासंचालक असताना विज्ञानकथांवर माक्स अर्न्स्ट, इव्ह तांगी यांची चित्रं लागली. चित्रं आधीची, कथा नंतरच्या, तरी जोडी जमली.

लिओ आणि डायन डिलन हे जोडपंही अभ्यासा. १९७१ चा ह्यूगो पुरस्कार (विज्ञानकथांसाठीचा) व्यावसायिक चित्रकार म्हणून दोघांना मिळून मिळाला. एकाच चित्रावर दोघं आळीपाळीने काम करायचे. लाकडी छाप्यासारख्या रेषा, सपाट रंग, नक्षी. विज्ञानकथेला गुळगुळीत एअरब्रशच लागतो असं नाही, हे त्यांच्याकडे पाहिल्यावर पटतं. आपल्याकडच्या हाताला ही रीत जवळची वाटेल असं माझं मत.

फॉसबद्दल थोडं वेगळं बोलतो. यानं अप्रतिम, पण पुस्तकातल्या कथेशी त्यांचा फार क्वचित संबंध असायचा. त्यांच्याकडून रंगांचे पट्टे शिका, मुखपृष्ठाचा विचार दुसरीकडून घ्या.

कुठे पाहायचं: आयएसएफडीबी नावाची विज्ञानकथांची सूची जालावर आहे. पुस्तकाची आवृत्ती शोधली की मुखपृष्ठ कोणाचं ते बहुतेक वेळा सापडतं, आणि चित्रकाराच्या नावावर टिचकी मारली की त्याचं बाकीचं काम एका ठिकाणी येतं. इंटरनेट अर्काइव्हवर 'गॅलेक्सी'सारख्या मासिकांचे जुने अंक आहेत. ते पानं उलटत पाहा. आतली काळी-पांढरी चित्रं मुखपृष्ठांइतकीच शिकवतात.

कोराडीकर

ताई, तुम्ही कोराडीले येऊन पहा ना एकदा. मी इथलाच आहो, म्हणून सांगून राहिलो. देवीचं मंदिर, तलाव, अन् मागे वीज केंद्राच्या चिमण्या अन् कूलिंग टॉवर. जवळून नुसती भिंत दिसते, कळतच नाही केवढं आहे. दूर जाऊन पाहिलं, मधे झाडं आली, विजेचे मनोरे आले, एखादा माणूस सायकलवर आला, की मग त्या टॉवरची उंची अंगावर येते. ते अवाढव्य का काय म्हणता, ते असं दिसते. बाहेरच्या रस्त्यावरून, तलावाच्या बाजूनं बसून काढा, केंद्राच्या आत परवानगीशिवाय जाता येत नाही.

उमरेडकडच्या कोळसा खाणींचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे पण असेच आहेत. खाली ट्रक खेळण्यातले वाटतात. परदेशी चित्रात परग्रह म्हणून जे दाखवतात, ते आपल्याकडे रोज दिसते.

गेरू_शाई

कोराडीकर भाऊ, हे फारच कामाचं. टॉवर लहानपणापासून पाहिलेत, पण कागद घेऊन कधी बसले नव्हते. या रविवारी निघतेच.

जुनाबाजार, पॉवर्सचा मुद्दा पटला. प्रकाशकांनी एका कथेचा प्रसंग सुचवला होता, त्यांच्याशी बोलते. डिलन दांपत्याचं नाव मी बालपुस्तकांमुळे ओळखत होते, विज्ञानकथांची कामं नव्हती पाहिली.

धूमकेतू, ग्रह केवढा दिसेल हे गणिताने काढायचं म्हणजे नेमकं कसं? मला जमण्यासारखं आहे का?

धूमकेतू

अगदी सोपं आहे. ग्रहाचा व्यास भागिले तिथून त्याचं अंतर. उत्तराला ५७.३ ने गुणलं की अंश मिळतात. शनीचा व्यास साधारण १,२०,५०० किमी, टायटन त्याच्यापासून सुमारे १२,२२,००० किमी. भागाकार ०.०९८६, म्हणजे साडेपाच अंशांहून थोडा जास्त. आपला चंद्र आपल्याला अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणजे टायटनवरून शनी आपल्या चंद्राच्या सुमारे अकरा पट रुंद. आणि टायटन जवळजवळ कड्यांच्याच पातळीत फिरतो, त्यामुळे तिथून कडी एका बारीक रेषेसारखी दिसतील. तिरकी, पसरट कडी काढायची असतील तर वेगळ्या कक्षेतला उपग्रह निवडा.

दुसरी गोष्ट हवेची. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे दूरचा डोंगर जवळच्या दगडाइतकाच लख्ख दिसतो आणि अंतराचा अंदाज चुकतो. पृथ्वीवर मधली हवा आणि धूळ दूरचं फिकं करत नेते. तुमच्या कथा विदर्भात आहेत, तेव्हा मे महिन्यातली धूळ वापरा. पुढचा थर गडद, मधला फिका, आणि मागचा टॉवर जवळजवळ आकाशाच्याच रंगाचा. वस्तू जितकी फिकी तितकी दूर, आणि दूर असूनही इतकी उंच दिसते म्हणजे केवढी असेल, हे पाहणाऱ्याचा डोळा आपोआप ठरवतो.

कुंचला_काका

लेकी, तुझी तळमळ वाचून लिहायला बसलो. आयुष्यभर चित्रकला शिकवली. रंगकामाबद्दल सांगतो.

जॉन बर्की नावाचे अमेरिकन चित्रकार होते, १९३२ ते २००८. केसीन (दुधातल्या प्रथिनापासून केलेला रंग) आणि ॲक्रिलिकमध्ये काम. लांबून त्यांचं यान शेकडो खिडक्यांचं, हजारो पत्र्यांचं दिसतं. चित्र मोठं करून पाहा, तिथे नुसते कुंचल्याचे ठोके आहेत. एकही खिडकी काढलेली नाही. तपशील सगळीकडे सारखा भरला की वस्तू लहान होते. एका कोपऱ्यात बारीक काम आणि बाकी मोठे, मोकळे फटकारे, एवढ्यावर ती मोठी होते. तुला हवं ते बर्कींकडे आहे.

ग्वाशसाठी सिड मीड बघ. मोटारींच्या आराखड्यांपासून सुरुवात केलेला माणूस. चकचकीत पत्र्यात आकाश आणि जमीन कशी उतरते, हे त्याच्याइतकं क्वचितच कोणी दाखवलं असेल.

आता नागपूरचा उन्हाळा. ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळतं. पसरट डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेव, तास न् तास ओला राहतो. कूलरसमोर बसून रंगवू नकोस, दमट हवेने कागद फुगतो. कागद आधी भिजवून पाटावर चारी बाजूंनी कागदी टेपने ताणून घे. ग्वाशचा जाड थर भेगाळतो, म्हणून गडद आकाश दोन-तीन पातळ हातांत चढव.

आणि अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जा. परग्रहावरचा प्राणी डोक्यातून काढला की तो सहसा दुसऱ्या कोणाच्या तरी चित्रातला निघतो. तिथे पेंढा भरलेले पक्षी-प्राणी आहेत. चोच, खूर, सांध्यांची वळणं रेखाटून घे, मग त्यांची अदलाबदल कर. जमलं तर लोणारलाही जाऊन ये. १.८ किमी व्यासाचं, बेसाल्टमध्ये अशनी आदळून झालेलं विवर आपल्या विदर्भात असताना विवरांसाठी छायाचित्रांवर कशाला अवलंबायचं? सकाळी काठावरून बघ, पलीकडची कड उजळते तेव्हा अलीकडची अजून सावलीत असते.

अलेक्सेई लिओनोव हे तर अंतराळातच चित्र काढून आले. १८ मार्च १९६५ ला माणसाचा पहिला अवकाशातला फेरफटका त्यांनी केला, आणि त्याच मोहिमेत रंगीत पेन्सिलींनी कक्षेतला सूर्योदय रेखाटला. पेन्सिली तरंगू नयेत म्हणून दोऱ्याने बांधलेल्या होत्या. समोर बसून काढलेल्या रेषेची किंमत त्या लहानशा चित्रात दिसते.

तांबडं_फुटलं

वाचनखूण साठवली. मीही चित्रकलेची विद्यार्थिनी आहे. ताई, कोराडीला जाणार असाल तर मलाही यायला आवडेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

चाररंगी

मी छपाईत आहे, म्हणून त्या बाजूचं.

डेमी आकार असेल, ५.५ × ८.५ इंच, तर मूळ चित्र दीडपट करा, म्हणजे ८.२५ × १२.७५ इंच. लहान होताना काम घट्ट दिसतं. चारी बाजूंनी कापायला जागा सोडा, आणि चित्र पुस्तकाच्या कण्यावरून मलपृष्ठावर न्यायचं असेल तर पानसंख्या आणि कागद ठरल्याशिवाय कण्याची रुंदी कळणार नाही, ती आधी विचारा.

झगझगीत केशरी आणि गर्द निळा चार रंगांच्या (सायन म्हणजे निळसर, मॅजेंटा म्हणजे गुलाबी-लाल, पिवळा आणि काळा) छपाईत मंदावतात. स्कॅन पडद्यावर पाहून हुरळून जाऊ नका. अवकाशाचा काळा भाग नुसत्या काळ्या शाईने धुरकट येतो, त्यात बाकीच्या शाई मिसळाव्या लागतात, पण चारांची बेरीज ३०० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर शाई वाळत नाही. मॅट लॅमिनेशनने गडद रंग आणखी दबतात. तुमचं चित्र गडद असेल तर ग्लॉस मागा.

शीर्षक देवनागरीत आहे हे पहिल्या कच्च्या रेखाटनापासून लक्षात ठेवा. इंग्रजी मुखपृष्ठांची मांडणी जशीच्या तशी उचलता येत नाही. आपल्या अक्षरांना शिरोरेखा असते, ती चित्रात एक जाड आडवी रेघ होऊन बसते. क्षितिज तिच्या जवळून गेलं तर दोन्ही रेघा भांडतात. क्षितिज बरंच खाली घ्या. वेलांट्या वर जातात, उकार खाली येतात, त्यांना शांत जागा लागते. कमल शेडगे यांनी नाटकांसाठी केलेली अक्षरं पाहा, शब्दाचा स्वभाव अक्षरातच उतरलेला असतो. जमलं तर शीर्षक स्वतःच लिहा, फॉन्ट वापरू नका.

गेरू_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना विशेष नमस्कार. तांबडं_फुटलं, नक्की ये, व्यनि बघते.

माझ्या डोक्यात आता असं आहे: क्षितिज खाली, धुळीत जवळजवळ विरलेला एक टॉवर, त्याच्या वापराचा अंदाज येऊ नये असा, आणि पुढे पाण्याच्या कडेला काही माणसं. रंग कापसाच्या बोंडाचे, पांढरा आणि सुकलेला तपकिरी. केशरी फक्त एका ठिकाणी. शीर्षक हाताने लिहिणार. चाररंगी दादा, केशरी इतकं थोडं असेल तरी छपाईत मळेल का?

चाररंगी

थोडं असेल तर उलट वाचेल. शेजारी करडा-तपकिरी ठेवा, म्हणजे डोळ्याला ते आहे त्याहून तेजस्वी दिसेल. केशरीत सायन अजिबात येऊ देऊ नका, फक्त पिवळा आणि मॅजेंटा. आणि छापायच्या आधी ज्या कागदावर पुस्तकाचं मुखपृष्ठ निघणार त्याच कागदावर, लॅमिनेशनसकट, एक प्रूफ मागून घ्या.