डायल-अप मध्येच तुटतं? करून पाहिलेले उपाय लिहा

डायल-अप म्हणजे टेलिफोन लाइनवरून मोडेमने जोडलेलं इंटरनेट. विंडोज ९८ आणि ५६ के (सेकंदाला जास्तीत जास्त ५६ किलोबिट) मोडेम धरून चालू. लक्षण काय, हात कुठे घातला आणि फरक पडला का, एवढं लिहा. ‘मोडेम बदला’ हा सल्ला सगळ्यात शेवटी.

— आधी तुटण्याच्या वेळा वहीत टिपा. काही न करता बसल्यावर बरोबर २० मिनिटांनी तुटत असेल तर लाइन निर्दोष आहे. इंटरनेट एक्सप्लोररच्या डायल-अप सेटिंगमध्ये ‘इतका वेळ काम नसेल तर तोडा’ अशी खूण असते, ती काढा. मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्येही तशीच एक आहे, तिथे बहुधा ३० मिनिटं असतात.

— वेळ ठरलेली नसेल तर लाइन ऐका. रिसीव्हर उचलून एकच आकडा दाबा, डायल टोन थांबेल. त्या शांततेत खरखर आली तर कुठेतरी सांधा सैल किंवा गंजलेला आहे. सलग घूंऽऽ आली तर टेलिफोनची वायर बहुधा विजेच्या वायरीला चिकटून गेली आहे, तिला हातभर लांब न्या. रोझेट (भिंतीवरची टेलिफोन जोडणीची डबी) उघडून पाहा: स्क्रूखाली हिरवट थर दिसला तर वायरीचं टोक कापा, नवं तांबं सोला आणि घट्ट आवळा. रिंग वाजताना उघड्या तारेला हात नको, झटका बसतो. पावसाळ्यात दोष बहुतेक डीपी बॉक्सपासून (जिथून घरोघरी वायरी फुटतात ती बाहेरची पेटी) घरापर्यंतच्या वायरीत असतो. ते लाइनमनचं काम. १९८ वर तक्रार देताना ‘इंटरनेट तुटतं’ म्हणू नका, ‘बोलताना खरखर येते’ म्हणा. लाइनमन आवाजच तपासतो.

— समांतर फोन (त्याच लाइनवरचा दुसरा फोन) असेल तर तो काढून पाहा. दुसऱ्या खोलीत कुणी रिसीव्हर उचलला की संपलंच. कॉल वेटिंगही बंद करून घ्या, त्याच्या टुकटुकीने मोडेमचा कॅरिअर (समोरच्या मोडेमकडून सतत येणारा सूर) क्षणभर हरवतो.

— याच कारणासाठी एस१० रजिस्टर, म्हणजे मोडेममधली एक बदलता येणारी सेटिंग. कॅरिअर गेल्यावर किती थांबून फोन ठेवायचा ते यात असतं, एकक सेकंदाचा दहावा भाग. बऱ्याच मोडेमांत १४, म्हणजे जेमतेम दीड सेकंद. मोडेम प्रॉपर्टीज, कनेक्शन, अ‍ॅडव्हान्स्ड, एक्स्ट्रा सेटिंग्ज इथे ‘एस१०=५०’ टाका (अक्षर रोमन). पाच सेकंद मिळतात, छोटा खंड निभावतो. २५५ मात्र टाकू नका, काही मोडेम त्यावर कॅरिअर गेलेला ओळखतच नाहीत.

— खराब लाइनवर वेगाचा हट्ट सोडा. त्याच एक्स्ट्रा सेटिंग्जमध्ये मोडेमच्या चिपप्रमाणे टाका: रॉकवेल/कोनेक्झंट चिपला ‘+एमएस=व्ही३४’, ल्युसेंटला ‘एस३८=०’ (अक्षरं रोमन). मग मोडेम ३३.६ किलोबिटच्या वर जात नाही. ३३.६ वर टिकलेलं कनेक्शन ४८ वर दहादा तुटणाऱ्यापेक्षा मेल लवकर उतरवतं.

— माउस हलवला की तुटतं? माउस कॉम १ या पोर्टवर आणि मोडेम कॉम ३ वर असेल. दोघांचा आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) एकच, ४. मोडेम कॉम २ वर न्या.

— वळवाचे ढग दिसले की मोडेमची टेलिफोन वायर उपटा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, वीज लाइनमधून येते.