फ्लॅप सर्जरीनंतर चौथा दिवस: टाक्याचं टोक लोंबतंय, हिरडीवर पांढरा थर

खालची_दाढ
खालच्या डाव्या दाढांची फ्लॅप सर्जरी (हिरडी उचलून आतली सफाई करून परत शिवतात ती), आज चौथा दिवस. काळा रेशमी दोरा आहे, वर पॅक (जखम झाकणारा लेप) नाही. एका टाक्याचं टोक लोंबतंय आणि हिरडीच्या कडेला पिवळट पांढरा थर आलाय. सूज कालच्यापेक्षा कमी. टोक कापू का? थर म्हणजे पू तर नाही? आणि ब्रश कधीपासून? टाके आठव्या दिवशी काढणार आहेत.

हिरडीवाला
कापू नका, ओढू तर अजिबातच नका. गाठीजवळ २-३ मिमी शेपटी मुद्दाम ठेवतात. सूज उतरली की दोरा सैल पडतो आणि तीच शेपटी जिभेला टोचते. फार टोचत असेल तर ऑर्थोचं मेण (दातांच्या तारांवर लावतात ते) लावा.

आरशात दोऱ्यापेक्षा कड बघा. दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण जागेवर बसलेला असेल तर एखादी गाठ सैल झाली तरी बिघडत नाही. कड उचलली असेल किंवा हाड उघडं दिसत असेल तर आठव्या दिवसाची वाट न बघता आजच फोन करा. या दिवसांत फ्लॅप धरून ठेवणारे दोघंच, दोरा आणि खालची रक्ताची पातळ गुठळी. म्हणूनच ओठ ओढून ओढून बघणं हे टाके सुटण्याचं नेहमीचं कारण.

थर बहुधा फायब्रिनचा, म्हणजे जखमेवरची ओली खपली. पुसू नका. पू असेल तर तो दाबल्यावर पाझरतो, तोंडाला घाण चव येते आणि ठणका दिवसागणिक वाढतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. तिसऱ्यानंतर ती वाढू लागली, ताप आला, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास झाला, तर थांबू नका.

दोरा_आणि_गाठ
रेशमाबद्दल भर घालतो. हा गुंफलेला दोरा दिव्याच्या वातीसारखा लाळ आणि जंतू आत ओढतो. म्हणून तो ७ ते १० दिवसांत निघालेलाच बरा, "राहू दे अजून थोडे दिवस" हे इथे चालत नाही. तोंडातल्या टाळूचा तुकडा हिरडीवर लावून ग्राफ्ट केलं असेल तर मात्र १०-१४ दिवस ठेवतात.

घरी कात्रीने कापण्यातला खरा धोका असा: डॉक्टर गाठ उचलून दोरा हिरडीलगत कापतात, म्हणजे तोंडातला मळका भाग जखमेतून ओढला जात नाही. घरी नेमका तोच भाग आत जातो.

खालची_दाढ
विरघळणारा दोरा वापरला असता तर ही कटकट वाचली असती ना?

दोरा_आणि_गाठ
अर्धीच. साधा कॅटगट (जनावराच्या आतड्यापासूनचा विरघळणारा दोरा) तोंडात ३-५ दिवसांतच ढिला पडतो. व्हिक्रिल हा कृत्रिम विरघळणारा दोरा पूर्ण विरघळायला साधारण ५६ ते ७० दिवस घेतो, त्यामुळे तोही बऱ्याचदा काढावाच लागतो.

मऊ_ब्रश
टाके निघेपर्यंत त्या भागात ब्रश नाही, बाकी दात नेहमीप्रमाणे घासा. तिथे क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक माउथवॉश): ०.२ टक्क्यांचं असेल तर १० मिली एक मिनिट, ०.१२ टक्क्यांचं असेल तर १५ मिली अर्धा मिनिट, दिवसातून दोनदा. खळखळून चूळ भरायची नाही. डोकं एका बाजूला कलतं करून द्रव तिथे साचू द्या आणि नंतर थुंकू नका, तोंडातून ओघळू द्या. पेस्ट आणि या द्रवात किमान अर्धा तास अंतर हवं, कारण पेस्टमधला फेस आणणारा घटक त्याचा परिणाम मारतो. दात तपकिरी होतात, चव बिघडते. डाग पॉलिशने जातात.

रक्त आलं तर ओलं गॉज २० मिनिटं दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. तंबाखू, सिगारेट पूर्ण बंद.

हिरडीवाला
सूज पूर्ण गेल्यावर हिरडी आधीपेक्षा खाली गेलेली दिसेल आणि थंड पाणी झणझणेल. सुजलेली हिरडी आक्रसते, मूळ उघडं पडतं, त्यात बिघडलेलं काही नाही. पण झणझणतं म्हणून तिथे घासणं टाळलं तर प्लाक साचतो आणि झणझण वाढते. टाके निघाले की अतिमऊ ब्रश सुरू करा. दातांमधला छोटा ब्रश मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावरच.